डाव्या हाताचा घास

ती घटना आठवायला मला डोकं खाजवावं लागत नाही. जेवायला बसलो की माझ्या उजव्या हाताला ती आपोआप आठवते.

सुट्टीत आमच्या घरी पोरंबाळं जमली, की जेवणानंतर मला पोलिसातले किस्से सांगायला बसवतात. त्या किश्श्यांत मी बहुतेक वेळा चिखलात पडलेला असतो, नाहीतर साध्या वेशातल्या मोठ्या साहेबांना भुरटा समजून हटकलेलं असतं. पोरं हसतात, सौ. म्हणते, "पगार कशाचा देत होते तुम्हाला?" ही हकीकत मात्र मी त्या बैठकीत कधी काढली नाही. आता निवृत्त झालोय, म्हणून लिहून ठेवतो. नावं कुणाचीच देत नाही. त्यातली बरीच माणसं अजून त्याच गावांत राहतात.

नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. मी इंदापूरला फौजदार होतो. पुणे–सोलापूर रस्त्यावर ट्रक अडवून लुटायचे प्रकार सुरू झाले होते. रस्त्यात दगड रचायचे, ड्रायव्हर खाली उतरला की त्याला धाक दाखवून पैसे आणि घड्याळ काढून घ्यायचं. अशाच एका प्रकारात एका ड्रायव्हरच्या डोक्यात टॉमी घातली गेली. टॉमी म्हणजे चाकाचे नट फिरवायची लोखंडी पहार. ड्रायव्हर जागीच गेला. क्लीनर उसात पळाला म्हणून वाचला. "माणसं दोन होती" यापलीकडे त्याला काही सांगता येत नव्हतं. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांचा अभिप्राय असा पडला, की घाव मागून आणि उजव्या हाताने घातलेला आहे.

पुढे खबर मिळाली ती दुधाच्या टेम्पोवाल्याकडून. एका बंद पडलेल्या गुऱ्हाळात दोन अनोळखी माणसं दिवसा झोपलेली असतात आणि गावातल्या दुकानातून पाव-बिस्किटं नेतात. मी विचारलं, "यात संशय घेण्यासारखं काय आहे?"

तो म्हणाला, "सायेब, भाव करीत न्हाईत. गावातल्या दुकानात भाव न करणारा मानूस सरळ असतोय व्हय?"

माणसांची पारख पोलिसांपेक्षा दूधवाल्याला जास्त असते, हे मी तेव्हाच कबूल केलं.

भर दुपारी आम्ही गुऱ्हाळाला वेढा घातला. दोघंही उसात घुसले. एक जण सरीत बसून हात वर करून मोकळा झाला. दुसरा, पंचविशीतला, कोयता घेऊन उलटा फिरला आणि आमच्या एका शिपायावर धावून गेला. शिपायाचा पाय उसाच्या खोडक्यात अडकून तो पडला होता. कोयता वर गेलेला मला दिसला. मी रिव्हॉल्व्हर कधी काढलं, इशारा दिला का, किती वेळ गेला, हे सगळं मी पुढे जबाबात व्यवस्थित सांगितलं. प्रत्यक्षात मला आठवत होता तो फक्त आवाज, आणि नंतर उसाची पानं हलायची थांबली ते. जीपमधून इंदापूरच्या दवाखान्यात नेताना तो वाटेतच गेला.

मग आमच्या खात्याची जी रीत असते ती सुरू झाली. रिव्हॉल्व्हर जमा केलं, रिकामं काडतूस पंचांसमक्ष सील झालं. प्रांतसाहेबांची चौकशी लागली. ती संपेपर्यंत मला तपासातून बाजूला काढलं आणि हलकं काम दिलं. तहसील कचेरीच्या आवारात सबजेल होतं, तिथल्या पहाऱ्यावर देखरेख करायची. दुसरीकडे हारतुरे चालू होते. ट्रकवाल्यांनी शाल दिली. वर्तमानपत्रात माझा फोटो आला, त्यात मी कुणीतरी चिमटा काढल्यासारखा दिसत होतो. सासूबाईंनी बारामतीत ते पान निदान दहा घरी फिरवलं असेल.

आणि मला माझ्या उजव्या हाताने घास घेता येईना.

हात हलत होता. सलाम ठोकत होता, सही करत होता, गाडी चालवत होता. पण भाकरीचा तुकडा मोडून तोंडाजवळ नेला की त्याला वास यायचा. कसला, ते मी सौ.लाही सांगू शकलो नाही. साबणाने धुतला, लिंबाने चोळला, स्टोव्हच्या रॉकेलने घासला. रॉकेलनंतर रॉकेलचाही वास यायला लागला, एवढाच फरक. शेवटी मी चमचा घेतला, तोही डाव्या हातात.

आमच्याकडे डाव्या हाताने जेवणं म्हणजे काय, हे सांगायला नको. नात्यातल्या एका लग्नात मला मानाचा पाहुणा म्हणून पंगतीत मधोमध बसवलं. मी हळूच वाढप्याला चमचा मागितला. त्याला ऐकू गेलं नाही म्हणून पुन्हा मागितला. मग सगळ्या पंगतीला ऐकू गेलं. शेजारचे एक आबा दुसऱ्याला म्हणाले, "फौजदार हाय म्हनून काय झालं? बाप ह्याचा आमच्यासंगं पानावर जेवायचा." डाव्या हाताने वरणभात खाताना निम्मं वरण सदऱ्यावर गेलं. सासूबाईंनी मात्र तिथेही बाजू सांभाळली, "मोठ्या पदावर गेलं की असंच जेवावं लागतं."

गावी, पणदऱ्याला आईकडे गेलो तेव्हा तिने ताट समोर ठेवलं आणि माझ्याकडे बघत बसली. मी चमचा मागितला. ती जवळ सरकली, भाकरी कुस्करली आणि चाळिशीला आलेल्या फौजदाराला घास भरवायला लागली. शेजारची काकू दारातून म्हणाली, "आगं बया, सायबाला भरवतीस व्हय?" आई म्हणाली, "सायेब तिकडं इंदापुरात. हितं माझा हाय. तू जा की भाकरी थापायला."

आमचं घर बौद्ध. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून पंचशील आमच्या घरात पाढ्यांच्या आधी पाठ होतं. त्या पौर्णिमेला आईबरोबर विहारात गेलो. सगळ्यांनी म्हणायला सुरुवात केली. प्राणिहत्येपासून अलिप्त राहण्याचं पहिलं शील आलं आणि माझं तोंड मिटलं ते मिटलंच. बाकीची चार मी म्हटली की नाही, तेही आठवत नाही. परतताना आई एवढंच बोलली, "आवाज बसला असंल तर बसू दे. ओठ हलीव. पुढच्या वेळेला निगंल."

बारामतीच्या डॉक्टरांनी हाताच्या तपासण्या केल्या, काही निघालं नाही. त्यांनी सकाळी बॅडमिंटन खेळायला सांगितलं. चार दिवस खेळलो, फूल एकदाही जाळीपलीकडे गेलं नाही.

या काळात मला एकच आधार होता. भेटेल तो म्हणायचा, "खुनी होता तो, साहेब. एका लेकुरवाळ्या ड्रायव्हरला मारणारा. तुम्ही वाईट काय केलंत?" पकडलेल्या दुसऱ्याने जबाबातच सांगितलं होतं, की टॉमी मेलेल्या मित्राने घातली. ते खरं मानायला पुरावाही होता. हा दुसरा डावखुरा होता. सबजेलच्या हवालदारांनी ते पहिल्यांदा पाहिलं, "साहेब, ह्यो डाव्या हातानं जेवतोय, अगदी जन्माचा डावखुरा." अंगठाबहाद्दर असल्याने तो लिहितो कोणत्या हाताने, हे कळायला मार्ग नव्हता. डॉक्टर म्हणतात घाव उजव्या हाताचा, हा डावखुरा, म्हणजे मारणारा तो मेलेलाच. दोषारोपपत्र तसं तयार होत आलं होतं. अंथरुणावर पडल्या पडल्या मी स्वतःला तेच सांगायचो. तो खुनी होता. मग थोडी झोप लागायची.

एका दुपारी मी सबजेलला गेलो तेव्हा कैद्यांची जेवणं चालली होती. खानावळीतून भाकरी आणि मटकीची उसळ आली होती. हा गजांपाशी बसून डाव्या हाताने जेवत होता. मी सहज बघत होतो आणि बघता बघता गजांच्या जवळ गेलो.

त्याला भाकरी मोडता येत नव्हती. जन्माचा डावखुरा माणूस डाव्या हाताच्या दोन बोटांनी भाकरी दाबतो आणि अंगठ्याने अलगद तुकडा काढतो. हा अख्खी भाकरी उचलून दातांनी तोडत होता. उसळ हनुवटीवरून सदऱ्यावर सांडत होती. उजवा हात त्याने मांडीखाली दाबून धरला होता. दुखऱ्या हाताला माणूस जपतो, हा तर हात बांधून ठेवल्यासारखा बसला होता. मी माझ्याकडे पाहिलं. माझा उजवा हात पँटच्या खिशात होता.

हवालदारांनी खायला म्हणून पेरू आणले होते. मी त्यातला एक उचलला आणि गजांमधून त्याच्याकडे टाकला. "हे घे."

त्याचा उजवा हात मांडीखालून सुटला आणि त्याने तो पेरू सफाईने झेलला. मग त्याने हाताकडे पाहिलं. पेरू त्याने जमिनीवर ठेवला, हात पुन्हा मांडीखाली घातला आणि डाव्या हाताने पेरू उचलला.

मी हवालदारांना पाणी आणायला पाठवलं आणि गजांबाहेर जमिनीवरच बसलो.

"डाव्या हाताने कधीपासून जेवतोस?"

"ल्हानपनापासनं."

"लहानपणापासून जेवणाऱ्याच्या अंगावर एवढं सांडत नाही. हे बघ." मी माझ्या खाकी शर्टावरचा सकाळच्या पोह्यांचा पिवळा डाग दाखवला.

पकडल्यापासून पहिल्यांदाच तो नीट माझ्याकडे बघत होता. माझ्या शर्टाकडे, मग खिशाकडे.

"तुमचा बी?" त्याने विचारलं.

"व्हय."

"वास येतुय?"

"येतो."

"साबनानं जात न्हाय."

"नाही जात."

"म्या राखंनं घासला."

"मी रॉकेलने."

"मंग? ग्येला का?"

"नाही."

तो हसला. त्या जागी, त्या वेळी दोन माणसं एकमेकांकडे बघून हसली, याचं नवल मला अजून वाटतं. माझ्या बायकोला, आईला, डॉक्टरला जे समजावता आलं नव्हतं, ते या माणसाला दोन वाक्यांत समजलं होतं. आम्ही गजांच्या दोन बाजूंना होतो, एवढाच काय तो फरक उरला होता. तोही फार मोठा वाटेना.

मग तो म्हणाला, "टॉमी म्या घातली. त्यो म्हनत हुता, ड्रायव्हरला हात लावू नगं, पैसं घे आन चल. ड्रायव्हरनं माझी गच्ची धरली ती त्यानं सोडवली. ड्रायव्हर माघारी वळला, तवा म्या घातली. त्यो मेल्यावर त्याच्यावर ढकललं. म्हटलं, आता त्याला काय हुनार?"

मी त्याला म्हणालो, "हे बोलायच्या आधी विचार कर. हे तुझ्या गळ्याशी येईल."

"जेवान जात न्हाय, सायेब," तो म्हणाला. "गळा ठिवून करू काय?"

पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही, हे शाळकरी पोरालाही माहीत असतं. शिवाय तपास माझ्याकडे नव्हता. हवालदारांनी त्यातलं काही ऐकलं नव्हतं. म्हणजे मी काही न बोलता उठून घरी गेलो असतो, तर जगात कुणालाही कळलं नसतं. सबजेलपासून पोलीस ठाणं हाकेच्या अंतरावर. पण वाटेत तहसीलच्या सूचनाफलकापाशी मी थांबलो आणि कुत्र्यांच्या परवान्याची सूचना अथपासून इतिपर्यंत वाचली. मग पीकपाण्याची वाचली. मग पुन्हा कुत्र्यांची. माझ्याकडे कुत्रं नव्हतं.

मी मारला तो खुनी होता, या एका वाक्यावर माझं घर उभं होतं. आता जाऊन ते मीच पाडायचं होतं. मी मारलेल्याने फक्त पैसे लुटले होते, आणि वर ड्रायव्हरला हात लावू नको म्हणाला होता.

मोठे साहेब, म्हणजे आमचे पोलीस निरीक्षक, चहा पीत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"अरे, तुझ्याच भल्यासाठी मिटलंय हे. प्रांतांची चौकशी चालू आहे तुझी. खुनी मारला आणि भुरटा मारला, यात फरक पडतो, कळतंय का?"

"कळतंय, साहेब."

"कोयता खरा होता ना?"

"कोयता खरा होता."

"मग तुला काय होत नाही. पण लोक हार घालायचे बंद होतील."

"तेवढे आलेत तेच पुष्कळ झाले, साहेब. घरात ठेवायला जागा नाही."

कडक माणूस होता, शिव्यांशिवाय वाक्य पुरं करायचा नाही. त्या दिवशी एकही शिवी दिली नाही. "बस," म्हणाले, "आणि चहा घे. डाव्या हाताने घेतलास तरी चालेल." म्हणजे त्यांनाही दिसलं होतं. सगळ्यांनाच दिसत होतं बहुतेक.

पुढचं रीतसर झालं. कोर्टाच्या परवानगीने आरोपीचा पुन्हा ताबा घेतला. त्याने पंचांसमक्ष कालव्याच्या मोरीत लपवलेला सदरा आणि टॉमी काढून दिली. सदऱ्याच्या उजव्या बाहीवर डाग होते, ते तपासणीत मानवी रक्ताचे निघाले. त्याने न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे स्वखुशीने जबाब दिला. त्याला शिक्षा लागली. माझा गोळीबार चौकशीत योग्य ठरला, कारण शिपायाचा जीव वाचवायला दुसरा मार्ग नव्हता. तो शिपाई आज आजोबा आहे. हेही खरं आणि तेही खरं. या दोन खऱ्या गोष्टी एका डोक्यात कशा ठेवायच्या, हे प्रशिक्षणात शिकवत नाहीत.

हात कधी सुधारला, ते मला सांगता येत नाही. सौ.च्या म्हणण्याप्रमाणे एका बारशात मी बोलण्याच्या नादात उजव्या हाताने जिलेबी उचलली आणि खाल्ली. तिने मुद्दाम काही म्हटलं नाही. अजूनही अधूनमधून तो वास येतो, आणि मी चमचा मागतो. पोरांना वाटतं, म्हाताऱ्याचं सोंग आहे.

निकालाच्या आसपास एक दिवस एक वृद्ध गृहस्थ ठाण्यात आले. डोक्याला फेटा, हातात कापडी पिशवी. ठाणे अंमलदाराने आत येऊन दबक्या आवाजात सांगितलं, "साहेब, गोळीबारात गेलेल्या त्या पोराचा बाप. तुम्हाला भेटायचं म्हणतोय. तुम्ही आहात म्हणून सांगू का?" मी स्वतःच बाहेर आलो. गावाकडच्या माणसाशी माझी भाषा आपोआप गावाकडची होते.

"बसा, तात्या."

ते बसले नाहीत. "गोळी घालनारं सायेब तुमीच?"

"व्हय, तात्या."

"आन त्यो खुनी न्हाय म्हनून सांगनारं?"

"ते बी मीच."

मग ते बाकावर टेकले. "गावात खुन्याचा बाप म्हनत हुती मला. चोराचा बाप म्हनत्यात आता. त्ये हायेच मी." त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. "मी माफी देयाला आलो न्हाय. त्ये माझ्यानं हुयाचं न्हाय. मला एक इचारायचं हाय फकस्त."

"विचारा."

"गोळी लागल्यावर लगीच ग्येला का?"

"न्हाय. जीपमधी जिता होता."

"कुनाजवळ हुता?"

"माझ्याजवळ. माझ्या मांडीवर डोकं होतं त्याचं."

"बोलला?"

"विचारत होता, किती लांब राहिलं."

"मंग?"

"मी म्हटलं, आलंच. जवळ आलोय."

"आला हुता का जवळ?"

"न्हाय, तात्या. लांब होतं. माझा उजवा हात धरला होता त्यानं. घट्ट. शेवटपर्यंत सोडला न्हाय."

ठाण्यात टेलिफोन वाजत होता, कुणी उचलत नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "एकला न्हवता म्हंजे." पुन्हा एकदा, स्वतःशीच, "एकला न्हवता." मग उठले. "यष्टी हाय माझी. घरी जाऊन हिला सांगतो. ती रोज इचारती."

त्या माणसाने मला माफ केलं नाही, आणि तरी मला जे दिलं ते कुणी देऊ शकलं नव्हतं. किती गोळ्या, कोणत्या दिशेने, किती अंतरावरून, हे मला खात्याने विचारलं, कोर्टाने विचारलं, वर्तमानपत्रांनी विचारलं. त्या सगळ्यांचे प्रश्न गोळी सुटली तिथे संपत होते. त्यानंतर काय झालं, हे विचारणारा तो एकटाच. आणि विचारायचा सगळ्यात कमी धीर ज्याला व्हावा, तोच माणूस एसटीने एवढ्या लांबून ते विचारायला आला होता. पुढे माझ्या हाताखालच्या कुणाला शस्त्र चालवावं लागलं, तर मी त्याला शाबासकी द्यायची घाई केली नाही. त्याच्याजवळ बसायचो आणि विचारायचो, मग पुढं काय झालं? काही जण बोलायचे, काही जण नुसते बसायचे. दोन्ही चालतं.

तात्या भेटून गेले त्या संध्याकाळी मी लवकर घरी गेलो. सौ. वांग्याची भाजी परतत होती. मी स्वयंपाकघरात पाट घेऊन बसलो आणि त्या जीपमधलं सगळं तिला सांगायला लागलो, उसाच्या बांधापासून दवाखान्याच्या फाटकापर्यंत. ती माझ्यासमोर खाली बसली. भाजी करपली, घरभर धूर झाला, शेजारीण खिडकीतून हाका मारायला लागली. आम्ही दोघंही उठलो नाही.